टायरची ग्रिप शाबूत, वय पावणेनऊ वर्षं. बदलायचा की चालवायचा?

डिचोलीकर | ९ जून २०२४, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरून दोन तट पडलेत, म्हणून धागा काढतोय.

मेहुणा बोटीवर असतो. नऊ महिने दर्यावर, तीन महिने घरी. २०१५ साली दिवाळीला त्याने रॉयल एनफील्डची क्लासिक ३५०, आपल्या बोलण्यात बुलेटच, घेतली आणि तेव्हापासून ती आमच्या पडवीत आहे. तो आला की फिरते. एरवी मी पंधरवड्यातून एकदा बाजारापर्यंत नेऊन बॅटरी जिवंत ठेवतो. मीटरवर आज ११,४१२ किमी. टायर कंपनीतून आले तेच. ग्रिप बघाल तर कालपरवा घेतल्यासारखी, कडेचे ते रबराचे केससुद्धा अजून काही ठिकाणी आहेत.

परवा मिरगाच्या दिवशी सांखळीहून होंड्याकडे निघालो होतो. सर आली, आडवं कुत्रं आलं, मी मागचा ब्रेक दाबला. वेग तीसच्या वर नसेल. मागचं चाक असं काही बाजूला सरकलं की मी गाडीच्या आधी खाली. गुडघा सोलवटला, लेगगार्ड वाकला, बाकी देवाची कृपा. कडेच्या चहाच्या गाड्यावरून दोघे-तिघे धावत आले. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी गाडी उभी करता करता टायरवर अंगठ्याचं नख दाबून पाहिलं आणि म्हणाले, "बाबा, हो टायर न्हय, चिरो." चिरो म्हणजे जांभा दगड.

घरी येऊन टायरची तारीख शोधली. मागच्याची तारीख सायलेन्सरच्या बाजूला, काळ्यावर काळी, काही केल्या दिसेना. शेवटी मुलीच्या पेटीतला खडू घेऊन आडवा घासला, तेव्हा आकडे उठून आले: ३५१५. पुढचा ३३१५.

बायको म्हणते आजच्या आज बदला. मेहुण्याचा बोटीवरून निरोप, "ग्रिप आसा मरे, पयशे फुकट कित्याक?" गाडी त्याची, हाडं माझी. काय करावं?

अकाउंटंट_पणजी | ९ जून, रात्री १०.१५

आधी गुडघ्याची काळजी घ्या. पण टायरला दोष देण्याआधी एक विचारतो: मिरगाच्या पहिल्या सरीत कुठला टायर घसरत नाही? आठ महिन्यांची धूळ, ट्रकांचं ऑइल, त्यात त्या रस्त्यावर खनिजाची लाल भुकटी. पाणी पडलं की त्याचा साबण होतो. शिवाय २०१५ची क्लासिक म्हणजे मागे ड्रम, एबीएस नाही. दचकून मागचा ब्रेक दाबलात, चाक लॉक झालं. टायर कालचा असता तरी तुम्ही पडला असता.

टायर पाच वर्षांनी, सहा वर्षांनी बदला म्हणतात, ते प्रकरण मला तरी विक्री वाढवायची युक्ती वाटते. औषधावर एक्सपायरी असते, तशी टायरवर कुठे छापलेली असते? ग्रिप आहे तोवर चालवा.

पायलट_म्हापसो | ९ जून, रात्री १०.५०

मी २२ वर्षं पायलट आहे, म्हणजे गोव्यातली पिवळी-काळी मोटारसायकल टॅक्सी चालवतो. आमच्या टायराला म्हातारपण येतच नाही, ते तरुणपणीच जातात. मागचा मला दहा-अकरा महिने पुरतो, पुढचा त्याच्या दुप्पट. शुक्रवारच्या बाजाराला तर दिवसभर स्टँडवर पाय ठेवायला मिळत नाही. मागे गिऱ्हाईक, त्याच्या मांडीवर पोतं, हातात पिशव्या. तारीख बघायची वेळ आमच्यावर कधी आलीच नाही.

आम्ही बघतो ते वेगळं. साइडला बारीक बाण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात, त्या रेषेत खाचेच्या तळाला रबराचा छोटा उंचवटा असतो. वरचं रबर घासून त्या उंचवट्याला टेकलं की टायर संपला. गोटा व्हायची वाट बघायची नाही. आणि हायवेवर फार चालवला की टायर मधून चपटा होतो, वळणावर गाडी आधी 'नाही' म्हणते आणि मग एकदम पडते. तो अजून खाचा असल्या तरी मी काढतो.

डिचोलीकर बाब, तुमचा आजार आमच्या उलटा. आमचे टायर कामाने मरतात, तुमचे बसून.

रबरी_माणूस | १० जून, सकाळी ७.०५

पायलट साहेबांनी एका ओळीत सांगितलं, मी जरा पाल्हाळ लावतो. टायरच्या कारखान्यात ३२ वर्षं काढली. कुठल्या, ते फोंड्याकडच्यांना सांगायला नको.

टायरच्या रबरात दोन रखवालदार मुद्दाम मिसळलेले असतात. एक मेण, दुसरं ओझोनला अडवणारं रसायन. चाक फिरतं तेव्हा रबर दबतं, सुटतं, दबतं, सुटतं, आणि त्या मळण्यात ही दोन्ही आतून पृष्ठभागावर येत राहतात. वरचा थर ऊन-वाऱ्याने गेला की नवा थर येतो. जुन्या टायरच्या गालावर, म्हणजे बाजूवर, जी तपकिरी झाक दिसते ना, ती बरेचदा हीच. गाडी उभी राहिली की मळणं थांबलं. वरचा थर संपतो, खालून कुमक येत नाही, आणि ओझोन रबराला बारीक बारीक चिरा पाडायला लागतो. पुन्हा गाडी साइड स्टँडवर असेल तर महिनोन्महिने टायरचा तोच भाग ओझ्याखाली वाकलेला. ताणलेल्या रबरालाच ओझोन आधी खातो.

दुसरी गोष्ट चिरांहून महत्त्वाची, कारण ती दिसत नाही. कच्चं रबर गंधक घालून उष्णतेने शिजवतात, तेव्हा त्याच्या लांब साखळ्यांमध्ये गंधकाचे सांधे बसतात आणि रबराला ताकद येते. कारखान्यातून बाहेर पडल्यावर हे शिजणं अगदी थांबत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता मिळून आणखी सांधे जोडत राहतात, रबर कडक होत जातं. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनातला ढोबळ हिशेब. थंड देशातल्या माणसाने गॅरेजमध्ये ठेवलेला टायर आणि आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली तापलेला टायर, दोघांवर तारीख एकच असली तरी वय एक नव्हे.

कडक झालं तर बिघडलं काय? कोरड्यात फारसं जाणवत नाही. ओल्यात खाचा पाणी बाहेर काढतात, हे खरं. पण पाणी निघून गेल्यावर धरायचं काम रबराचं. डांबरातल्या खडीच्या बारीक खळग्यांत रबर घुसलं पाहिजे. मऊ रबर घुसतं, कडक रबर वरच्यावर सरकतं. म्हणून डिचोलीकरांची ग्रिप 'दिसते' तशी 'लागत' नाही. त्या बाबांनी नख दाबलं ती परीक्षा काही प्रयोगशाळेतली नव्हे, पण मी स्वतः तीच करतो. नव्या टायरवर नखाचा वळ उठतो आणि हळूच भरून येतो.

पणजीकरांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. पहिल्या सरीत, लॉक झालेल्या चाकावर नवा टायरही सरकला असता. किती सरकला असता, एवढाच प्रश्न. आणि एक्सपायरी छापलेली नसते हेही खरं, कारण टायर कुठे राहणार ते कंपनीला माहीत नसतं. आपल्या मोटार वाहन नियमांत दुचाकीला खाचेची खोली किमान ०.८ मिमी सांगितलीय, वयाची अट नाही. मिशेलिनसारख्या कंपन्या सांगतात की पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि उत्पादनापासून दहा वर्षं झाली की दिसायला कसाही असो, काढा. विक्रीचीच युक्ती करायची असती तर दहाचा आकडा कशाला सांगितला असता? दहा ही शेवटची हद्द. आपल्या हवेत, दोनच चाकांवर जीव असताना, मी सहाच्या पुढे जात नाही. हे माझं मत, नियम नव्हे.

अकाउंटंट_पणजी | १० जून, सकाळी ९.३०

बरं, अर्ध्या मार्कांवर पास झालो म्हणायचं. पण मग दुकानात दोन-दोन वर्षं पडलेला टायर 'नवा' म्हणून विकतात त्याचं काय? त्याचं वय कुठून मोजायचं?

सावर्ड्याची_लेक | १० जून, दुपारी १.२०

हाच माझा प्रश्न! हा धागा वाचून लंच टाइममध्ये ऑफिसच्या पार्किंगमध्ये उकिडवी बसून अ‍ॅक्टिवाचे टायर वाचले. वॉचमन विचारतो, मॅडम चावी पडली काय? मागचा टायर मी गेल्या ऑगस्टमध्ये बदललाय, आणि त्यावर आहे ४१२१! म्हणजे ऑक्टोबर २०२१चा माल मला २०२३मध्ये नवा म्हणून दिला. बिलावर तारीख माझ्या खरेदीची. फसवलं का मला?

आणखी एक. पुढच्यावर डीओटी असं काही लिहिलेलंच नाही. नुसते अंडाकृती चौकटीत चार आकडे आहेत, तेच का?

टायरवाला_फोंडा | १० जून, दुपारी ३.४५

ताई, तेच. डीओटी हे अमेरिकेच्या परिवहन खात्याचं नाव, ती अक्षरं सगळ्या टायरांवर नसतात. चार आकडे बघायचे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. डिचोलीकरांचा ३५१५ म्हणजे २०१५चा ३५वा आठवडा, ऑगस्टची अखेर. कधीकधी आकडे एकाच बाजूला असतात, म्हणून डाव्या बाजूला नाही मिळाले तर उजव्या बाजूला टॉर्च मारा.

आता दुकानदाराच्या वतीने बोलतो, राग मानू नका. माल कारखान्यातून डेपोत, डेपोतून डीलरकडे, तिथून माझ्याकडे. सहा-आठ महिने सहज जातात. जास्त खपणारे साइज ताजे मिळतात. अ‍ॅक्टिवाचा ९०/१००-१० माझ्याकडे महिनाभर टिकत नाही. पण कमी खपाचा साइज पडून राहतो, आणि गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून आधी जुना जातो. पेढ्याच्या दुकानातसुद्धा हेच होतं. तुम्ही विचारा ना! टायर हातात घ्या, आकडे वाचा, पसंत नसेल तर दुसरा काढायला सांगा. मला कुणी तारीख विचारली की मी समजतो, माणूस जाणता आहे, आणि आतला ताजा काढून देतो.

रबरी_माणूस | १० जून, सायंकाळी ६.१०

फोंडेकरांचं खरं आहे, आणि ताई, घाबरू नका. अंधाऱ्या, कोरड्या गोदामात, ओझ्याशिवाय ठेवलेला टायर गाडीवरच्या टायरपेक्षा पुष्कळ हळू म्हातारा होतो. दोन वर्षांचा टायर चालतो. पण वय मोजताना टायरवरच्या तारखेपासूनच मोजायचं, आणि पैसे पूर्ण द्यायचे असतील तर मी वर्षाच्या आतलाच मागतो. मात्र दुकानाच्या दारात दोरीला टांगलेला, रोज चार तास पश्चिमेचं ऊन खाणारा टायर सहा महिन्यांचा असला तरी नको. शेजारी वेल्डिंगचं दुकान असेल तर त्याहून नको, त्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो.

येझदीवेडा | ११ जून, रात्री ११.३०

तुम्हा लोकांनी मला झोपू दिलं नाही. टॉर्च घेऊन गॅरेजमध्ये गेलो. एका येझदीच्या पुढच्या टायरवर तीनच आकडे आहेत. काकाने कुवेतहून आणला होता. वर्षानुवर्षं त्यावर मडगाव ते कोलवा जातोय, काही झालेलं नाही. ताशी ४० च्या वर नेत नाही म्हणा.

रबरी_माणूस | १२ जून, सकाळी ६.५०

तीन आकडे म्हणजे २०००च्या आधीचा टायर. काकांना नमस्कार सांगा. टायर प्रदर्शनात ठेवा, गाडी दुसऱ्यावर चालवा.

येझदीवेडा | १२ जून, सकाळी ८.१५

काका वारले. टायर तेवढा राहिला होता.

पायलट_म्हापसो | १२ जून, दुपारी २.००

🙏

एक राहिलंच. दसऱ्याला गाड्या धुऊन टायरला काळं पॉलिश मारतात ना, त्याबद्दल कुणीतरी सांगा. गेल्या दसऱ्याला आमच्या स्टँडवरच्या एकाने ब्रशाने अख्खा टायर चकचकीत केला, जमिनीला लागतो तो भागसुद्धा. पूजा झाली, झेंडूची माळ घातली आणि पहिल्याच वळणावर माळेसकट आडवा.

सावर्ड्याची_लेक | १२ जून, दुपारी २.२०

आमच्याकडे तर डिझेलचा फडका मारतात. टायर काळाभोर दिसतो म्हणून.

रबरी_माणूस | १२ जून, सायंकाळी ५.३०

पॉलिश गालावर लावा हवं तर, रस्त्याला टेकणाऱ्या भागाला कधीच नाही. डिझेल, रॉकेल कुठेच नाही. रबर ते पितं आणि फुगतं, शिवाय आतला मेणाचा पहारा धुऊन जातो. साबणाचं पाणी पुरे.

आणि काळ्या पॉलिशने चिरा बुजतात. सेकंडहँड गाडी घ्यायला गेलात आणि टायर आरशासारखे चमकत असतील तर आधी ते पुसायला सांगा.

डिचोलीकर | १६ जून, रात्री ८.५०

मंडळी, काम झालं. दोन्ही टायर बदलले. जे पाहिलं ते सांगतो, कारण मी स्वतः पाहिलं नसतं तर विश्वास बसला नसता.

दुकानात मागचं चाक काढलं. टायरवाल्याने लोखंडी पट्टी घालून कड उचलायचा प्रयत्न केला तर टायर रिमला असा घट्ट चिकटलेला की त्याला वर उभं राहून टाचेने दाबावं लागलं. सुटला तेव्हा चुरचुर आवाज आला, शिळा पापड मोडावा तसा. टायर उघडा करून त्याने खाच दोन्ही हातांनी फाकवली. सरळ असताना जिथे एक रेघ दिसत नव्हती, तिथे खाचेच्या तळाशी केसाएवढ्या चिरांची रांगच लागलेली, पाऊण चाकभर. आठ वर्षं मी ती ग्रिप बघून 'नवी आहे' म्हणत होतो.

ट्यूब टायरला आतून जागोजागी चिकटलेली होती, ओढून काढताना वॉल्वच्या मुळाशी टरकली. म्हणजे ती रस्त्यात कधीही जाऊ शकली असती. आणि रिमवरची ती रबराची पट्टी, जी तारांची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून असते, ती काढली तर खाली लालभडक गंज. दर पावसाळ्यात तारांच्या भोकांतून पाणी आत झिरपत होतं आणि उभ्या गाडीत तिथेच साचत होतं. टायरवाल्याने तारेच्या ब्रशने रिम घासून दिली, प्रायमर मारला, तासभर वाळवली. नव्या ट्यूब, नव्या पट्ट्या. तुमच्या स्पोकच्या गाड्या असतील तर टायरबरोबर ट्यूब आणि पट्टीही बदला, जुनी ट्यूब 'चालेल हो' म्हणून परत आत घालू देऊ नका.

नवे टायर ०९२४ आणि ०६२४. मी आकडे वाचायला वाकलो तसा दुकानदार हसला आणि म्हणाला, "आजकाल सगळेच वाचतात." फोंडेकर, तुमचा माणूस नव्हे ना तो?

पहिले दीडशे किमी जपून चालवायला सांगितलंय, नव्या टायरचा वरचा तुळतुळीत थर घासून जाईपर्यंत. काल होंड्याच्या त्याच रस्त्याने गेलो, भर पावसात. पणजीकर, तुमचा मान राखून सांगतो, मी ब्रेकही हळू दाबला. पण गाडी दगडावरून उतरून गादीवर आल्यासारखी वाटली. खड्ड्यात मनगटाला बसणारे धक्के मी आजवर बुलेटचा स्वभाव समजत होतो.

मेहुण्याला चिरांचा फोटो पाठवला. दोन दिवस निरोप नाही. आज उत्तर आलं: "पयशे कितले जाले?"

घाटवाट | १६ जून, रात्री १०.०५

उशिरा आलो. मोजकंच. चोर्ला घाट उतरताना मला विचाराल तर पुढचा टायर आधी बदलावा, मागचा नंतर. मागचा घसरला तर सावरायला निदान एक क्षण मिळतो. लोक उलटं करतात, कारण मागचा लवकर घासतो आणि पुढच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझ्या मित्राच्या गाडीला मागचे तीन टायर झाले, पुढचा अजून शोरूमचा.

सावर्ड्याची_लेक | १६ जून, रात्री १०.१२

तो मित्र म्हणजे मीच समजा. पुढचा वाचला. २७१७. उद्याच जाते.

अकाउंटंट_पणजी | १७ जून, सकाळी ९.१५

हरलो. माझी स्कूटर करोनापासून सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते, रविवारी मासळीला तेवढी नेतो. मीटरवर ६,००० सुद्धा नाहीत. खडू नव्हता, म्हणून रांगोळी घासली. आकडा इथे लिहीत नाही.

टायरवाला_फोंडा | १७ जून, सकाळी ९.४०

साहेब, साइज तेवढा लिहा 😀

नवा_सदस्य_७७ | १७ जून, दुपारी १२.३०

डिचोलीकर, जुने टायर विकायचे आहेत का? वर ग्रिप चांगली आहे असं लिहिलंय. माझ्या भावाच्या बुलेटला तोच साइज लागतो, जास्त चालवत नाही तो.

डिचोलीकर | १७ जून, दुपारी १.०५

दुकानातच करवतीने दोन्ही टायर तीन-तीन ठिकाणी कापून घेतले, मगच तिथून हललो. एक तुकडा गोठ्याच्या दाराला बिजागरी म्हणून ठोकलाय, बाकीचे शेजाऱ्याच्या कौलांवर ताडपत्री दाबून बसलेत. भावाला खडू घेऊन गाडीपाशी पाठवा.